शिंप्याला सांगितलेली तारीख

६ जानेवारी

अस्तराचा व्यापारी दरवर्षी डायरी देतो आणि दरवर्षी मी ती इस्त्रीच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारतो. यंदा वर काढली. ठकीचं लग्न ठरलंय. तिचा पोशाख मी शिवणार आहे आणि असा पोशाख या हातून पुन्हा काही होणार नाही. तेव्हा कसा बेतला, कुठे फसला, कुठे जमला ते लिहून ठेवावं म्हटलं. बाकी रडगाणं लिहायचं नाही.

ठकी म्हणजे आमची एकुलती एक लेक. मुलगा तिच्याच ऑफिसातला, भला आहे आणि वाजवीपेक्षा जास्त उंच आहे. मी त्याला लांबू म्हणतो, तोंडावर म्हणतो. त्याच्या आई, म्हणजे आता आमच्या विहीणबाई, शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. अजूनही आहेत, फक्त शाळा राहिली नाही. काल त्या एक भलंमोठं जुनं पुस्तक काखोटीला मारून आल्या. राण्यांची लग्नं, दीडशे वर्षांपूर्वीची, पानापानावर चित्रं. गळ्यापर्यंत बंद कॉलर, खांद्यावर फुगलेली आणि कोपराखाली हाताला चिकटलेली बाही, पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत वाटाण्याएवढी बटणं, आणि मागे जमिनीवर लोळत येणारा लांबच लांब घोळ. ठकी पान उलटायचं विसरली आणि माझ्याकडे बघत बसली. मी म्हटलं, "बघतेस काय? होईल." लहानपणी उरलेल्या चिंध्या गुंडाळून ही पोरगी याच दुकानात राणी व्हायची. आता खरंच करून दाखवतो.

तारीख हिनं काढली. ही म्हणजे माझी बायको. आयुष्यात हिला नावानं हाक मारली नाही, आता डायरीत कुठे मारू? काज, बटणं, हातशिलाई हिच्याकडे, कात्री आणि मशीन माझ्याकडे, असा आमचा संसार. खाली दुकान, वर घर. तर ही म्हणाली, "मार्चच्या शेवटी. त्याच्यापुढे नाही."

मला हसूच आलं. एवढी वर्षं धंद्यात काढली, शिंप्याला खरी तारीख कोणी सांगत नाही हे मला काय ठाऊक नाही? गिऱ्हाईक म्हणतं, समारंभ दहाला आहे. असतो वीसला. त्यांना वाटतं, याला दहा सांगितली की निदान पंधराला तरी देईल. आम्हालाही ते ठाऊक असतं, म्हणून आम्ही अठराला देतो. दोन्हीकडून खोटं आणि कोणाचंच अडत नाही. पण घरची बाई माझ्यावर हाच डाव टाकेल असं वाटलं नव्हतं. म्हटलं, "मलासुद्धा? अगं, मी गिऱ्हाइकं ओळखतो."

"मी गिऱ्हाईक नाही," म्हणाली आणि सूप गरम करायला उठली.

१० जानेवारी

आज सगळे आमच्याकडे जेवायला. बेतणीच्या टेबलावरच पानं मांडली, कारण पुस्तक दुसरीकडे मावत नाही. विहीणबाईंनी खडू मागून घेतला. मला वाटलं आता भिंतीवर लिहितात.

ठरलं ते असं. जुना हॉल, उंच खिडक्यांचा, झुंबराचा. वीज बंद ठेवून मेणबत्त्या. निमंत्रणं जाड कागदावर, पाठीमागे लाखेची मोहर. नवरीला आणायला घोडागाडी. चार व्हायोलिनवाले. केक मजल्यामजल्यांचा, आमच्या इमारतीपेक्षा उंच. लांबूनं विचारलं, त्यालाही तो उंच टोपीचा पोशाख घालावा लागेल का? मी म्हटलं, तू टोपी घातलीस तर झुंबर उतरवावं लागेल. ठकी खिदळत सुटली. ही पण हसली, मग खोकली, मग पाणी प्यायला उठली ती बराच वेळ आलीच नाही. लांबू बघून येतो म्हणाला. पोराला पाहुण्यासारखं बसणं माहीत नाही, सारखा हिच्या मागेमागे.

ही परत आली तेव्हा विहीणबाई म्हणत होत्या, एवढं सगळं मार्चमध्ये कसं व्हायचं, एवढी घाई कशाला? मी म्हटलं, तुम्हीच सांगा हिला. ही म्हणाली, "जेवढं होईल तेवढं होऊ दे. पण मार्च." ठकी एकदम म्हणाली, "हो, मार्चच." मायलेकींची मिलीभगत आहे म्हटलं. जाऊ दे.

१९ जानेवारी

ठकीचं माप घेतलं. उभी राहिली की अगदी हिची लग्नाच्या वेळची ठेवण. मग हिलाही उभं केलं. नवरीच्या आईचा पोशाखही त्याच पुस्तकातला हवा, हे मी मनाशी ठरवलंय. डाळिंबी मखमल, बंद गळा, लांब बाही. नको नको म्हणत होती. "मला कोण बघणार आहे?" मी म्हटलं, मी बघणार आहे.

माप घेतलं आणि चक्रावलो. हिचं माप मला तोंडपाठ आहे, आणि टेप प्रत्येक ठिकाणी कमी दाखवतोय. छाती कमी, कंबर कमी, दंड तर बराच कमी. मग डोक्यात प्रकाश पडला. टेप कापडाचा, जुना, ओढून ओढून लांबलेला. लांबलेला टेप नेहमी कमीच भरतो, नवशिक्यालाही हे कळतं. हिला सांगितलं तर म्हणाली, "अगदी बरोबर. टेपच गेलाय कामातून." संध्याकाळी जाऊन नवा आणला. उगाच ठकीचं माप चुकायला नको.

दंडाच्या आतल्या बाजूला हिला काळानिळा डाग पडलाय. मशीनच्या कडेला लागलं म्हणे. या बाईला किती वेळा सांगायचं, बघून चालत जा.

२ फेब्रुवारी

बाही उसवली. दुसऱ्यांदा. खांद्यावरचा फुगा हवा तसा बसत नाही. चित्रात तो ढगासारखा उभा आहे आणि माझा ओल्या उशीसारखा पडतो. ठकीला आरशासमोर उभी केली. ट्रायलरूममध्ये आमच्याकडे तीन बाजूंनी तीन आरसे आहेत, गिऱ्हाइकाला कुठूनही पळता येत नाही. तिन्हीकडून बघितलं, तिन्हीकडून वाईट.

ठकी म्हणाली, "बाबा, छान आहे हो. राहू दे ना असंच."

"असंच? राणी आहेस का सर्कशीतली बाई?"

"बाबा, मी काय म्हणते, हे सगळं जरा लहान करू या का? हॉल नको, गाडी नको. घरीच करू. याच महिन्यात. पंधरा-वीस माणसं."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. पोरीसाठी जीव टाकतोय आणि तिला घरी करायचंय! म्हटलं, तुझ्या सासूबाई काही बोलल्या का? आमची ऐपत काढली का कोणी? नाही नाही म्हणत ती रडायलाच लागली. लग्नाआधी मुली अशा होतात, मी दुकानात हजारदा पाहिलंय. नव्वद टक्के पोशाखांवर नवरीच्या आसवांचा एक तरी डाग असतो, तो इस्त्रीनं जातो. म्हणून मी फार मनावर घेतलं नाही. पण संध्याकाळचं जेवण गोड लागलं नाही हे खरं.

दर आठवड्याला मायलेकी कुठल्याशा मैत्रिणीकडे जातात. आजही गेल्या. ही परत येते ती थकून भागून आणि थेट आडवी होते. असली कसली मैत्रीण म्हणावी!

१२ फेब्रुवारी

आजचा दिवस सोन्याचा. सविस्तर लिहितो.

घोळाच्या काठावर मला पानाफुलांची नक्षी हवी आहे, हातानं भरलेली, पांढऱ्यावर पांढरी. लांबून दिसायची नाही, पण जवळ आलं की कळेल की हे राणीचं काम आहे. मार्चमध्ये ते होणं शक्य नाही. म्हणून सकाळी कोणाला न सांगता निघालो. आधी हॉलवर गेलो. मॅनेजर म्हणाला, सोळा मे मोकळी आहे. मग विहीणबाईंकडे. त्या खूश, म्हणाल्या मलाही श्वास घ्यायला सवड मिळेल, पत्रिका अजून छापायच्याच आहेत. मग गाडीवाला, मग व्हायोलिनवाले. सगळीकडे जाऊन तारीख बदलून आलो. पाय दुखायला लागले, पण काम फत्ते.

घरी येऊन सांगितलं. मला वाटलं, दोघी डोक्यावर घेतील. ठकी ताटावरून उठली आणि जिना उतरून दुकानात जाऊन बसली. लांबू जेवत होता, तो चमचा हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "बाबा, परत नाही का बदलता येणार? मी जातो उद्या. मी बोलतो सगळ्यांशी."

"का रे बाबा? तुला एवढी घाई कशाची? पळून चाललीये का ती?"

तो हिच्याकडे बघायला लागला. हिनं नुसती मान हलवली. मग मला म्हणाली, "सोळा मे म्हणजे तुमची खरी तारीख ना? आता पुढे नाही ना ढकलणार?"

"नाही. शब्द."

"बरं," म्हणाली. आणि माझ्या ताटात वाढलं.

एवढंच. एक शब्द तक्रारीचा नाही. मार्च मार्च म्हणून कानीकपाळी ओरडत होती, पण खरी तारीख धरल्यावर निमूट गप्प बसली. म्हणजे मी म्हणत होतो तेच, तिच्याही मनात मार्च नव्हताच. जेवण झाल्यावर मुकाट्यानं घोळाचा काठ घेऊन बसली आणि भरायला लागली. अशी समजूतदार बाई मिळाली म्हणून माझं दुकान चाललं, हे मी तिला कधी सांगत नाही. सांगितलं तर डोक्यावर बसेल.

२५ फेब्रुवारी

हिच्या डाळिंबी पोशाखाची ट्रायल. आणि भांडण.

नव्या टेपनं मापं घेऊन बेतलेला पोशाख अंगावर चढवला तर गळ्यापाशी मूठ जाईल एवढा ढिला! आता टेपचा दोष नाही. मी सरळ विचारलं, "जेवण सोडलंयस का? या वयात बारीक व्हायचं खूळ कुठून शिरलं डोक्यात? त्या पुस्तकातल्या राण्या बघून?"

ती म्हणाली, "हो, तसंच समजा."

"समजा काय? मी एकदा घेतलेलं माप पुन्हा पुन्हा घ्यायचं का? मी शिंपी आहे का ज्योतिषी?"

"चिडू नका हो. आत घ्या थोडा, झालं."

घेतला आत. पण आत घेतला की खांदे हाडकुळे दिसतात, मखमल लोंबते. शेवटी अस्तराच्या आत खांद्याला आणि छातीला कापूस भरला. आरशात बघून म्हणाली, "अगबाई, पुन्हा मी झाले की!" आणि हसली. मलाही हसू आलं. भांडण तिथेच मिटलं. पण टाचण्या लावताना तिच्या पाठीला हात लागला, तो मला आवडला नाही. पाठीचा मणीन् मणी हाताला लागत होता. तिला म्हटलं, उद्यापासून मी वाढणार आणि तू मुकाट्यानं खाणार. हो म्हणाली.

८ मार्च

हिचा पलंग खाली आणला. गुडघे धरलेत, जिना चढवत नाही म्हणते. लांबूनं आणि ठकीनं मिळून ट्रायलरूम रिकामी केली, पलंग तीन आरशांच्या मधोमध लावला. मी कुरकुर केली, गिऱ्हाइकांनी आता ट्रायल कुठे द्यायची, माझ्या डोक्यावर? ठकी माझ्यावर ओरडली. आजवर कधी ओरडली नव्हती. "बाबा, एकदा तरी गिऱ्हाइकांच्या पलीकडे बघाल का?" मग स्वतःच गळ्यात पडून रडली. मी थोपटलं.

खरं सांगायचं तर मला बरं वाटतंय ही खाली आहे म्हणून. मशीनवरून मान वळवली की तिन्ही आरशांत दिसते. काठ भरत असते, मध्येच सुई हातात धरून डोळे मिटून पडते. बाही आता जमत आली आहे, पण डाव्या मुंढ्यात, बाही खांद्याला जोडते तिथे, अजून एक सुरकुती आहे. परत उसवीन म्हणतो. मेपर्यंत वेळ आहे.

१५ मार्च

दुपारी एक बाई कोट घेऊन आल्या. बाह्या थोड्या लांब करून हव्या होत्या. तुमच्या मिसेसनीच तुमचं नाव सांगितलं, म्हणाल्या. मी माप घेत होतो. ही आत झोपली होती, ठकी औषधं आणायला गेलेली. बाईंनी हळूच विचारलं, "रात्री झोप लागते का त्यांना? दुखणं वाढलं तर गोळी दुप्पट द्यायला हरकत नाही. आता त्याचा विचार करायचा नाही."

मी म्हटलं, गुडघ्याला एवढ्या गोळ्या?

त्यांनी कोट बाजूला ठेवला. त्या डॉक्टर आहेत. मोठ्या दवाखान्यात, त्या एका आजाराच्याच. म्हणाल्या, "त्या मला म्हणाल्या होत्या, माझ्या नवऱ्याला सगळं ठाऊक आहे." खुर्ची ओढून त्यांनी मलाच बसवलं. मग सांगितलं. दिवाळीपासून, नाही, मी असलं काही नीट लिहू शकत नाही. डिसेंबरात कळलं होतं. तेव्हाच पोटभर पसरलेलं होतं. उपचारांनी फार काही साधणार नव्हतं, म्हणून हिनं नको म्हटलं, दर आठवड्याला नुसती सलाईन आणि दुखण्याचं औषध घ्यायला जायची. त्यांनी हिला सांगितलं होतं, मार्चपर्यंत तब्येत चालेल, पुढचं सांगता येत नाही.

मार्च.

टेप माझ्या गळ्यातच होता. बाई गेल्या तरी मी तसाच बसून राहिलो.

१६ मार्च

सकाळी हिच्यापाशी बसलो. तोंड उघडायच्या आत म्हणाली, "कळलं वाटतं. चेहरा बघा आरशात, तिन्हीकडून पडलाय."

मी म्हटलं, का नाही सांगितलंस? सगळ्यांना सांगितलंस. ठकीला, लांबूला. मला नाही.

"ठकीला सांगितलं नाही, तिला कळलं. लांबूला तिनं सांगितलं. दोघांना मी शपथ घातली. अहो, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही कात्री खाली ठेवली असती. भाऊजी गेले तेव्हा उन्हाळाभर दुकान उघडलं नव्हतंत. माझा हात धरून बसला असतात आणि पोरगी उभी राहिली असती विकतच्या कपड्यात. मला तिच्या अंगावर तुमच्या हातचं बघायचं होतं. रडत शिवलेलं नको होतं, तुम्ही नेहमी शिवता तसं हवं होतं. ओरडत, उसवत."

"मग मी तारीख ढकलली तेव्हा तरी..."

"तेव्हा वाटलं होतं सांगावं. पण तुम्ही इतके खूश होऊन आला होतात. आणि मला वाटलं, गाठीन मे. तेवढं काय अवघड आहे, असं वाटलं."

मी तिच्या पांघरुणात तोंड खुपसलं. मला लिहायला लाज नाही वाटत, मोठ्यानं रडलो. तिनं माझ्या टकलावरून हात फिरवला. हात इतका हलका होता. मग म्हणाली, "झालं का? आता उठा. पुढच्या रविवारी करू. इथेच. हॉलवाल्याला सांगा, राणीला बरं नाही."

२० मार्च

ती म्हणाली होती तेच झालं. सरळ टीप वाकडी जाते. तरी शिवतोय. घोळावरची नक्षी आहे तेवढीच राहणार, एक बाजू भरलेली आणि एक कोरी. उसवून ठेवलेल्या दोन्ही बाह्या आज परत लावल्या, सुरकुती आहे तशी आहे. आता काही उसवत नाही. विहीणबाई आल्या होत्या, दारातच रडल्या. म्हणाल्या, "मी तुम्हाला मे म्हणून शाबासकी दिली हो!" मी त्यांना तुमची काही चूक नाही असं सांगितलं. मग पदर खोचल्यासारख्या बाह्या सरसावून त्यांनी ट्रायलरूम झाडली, पुसली.

२३ मार्च, रविवार

ठकीचं लग्न झालं.

सकाळपासून विहीणबाईंनी ट्रायलरूममध्ये मेणबत्त्या लावल्या. खिडकीला काळं अस्तर मी ठोकलं. मेणबत्त्या थोड्याच, पण तीन आरशांत दिसायला लागल्या आणि खोली कुठवर आहे तेच कळेना. बेतणीच्या टेबलावर पांढरी चादर टाकली, एक छोटा केक ठेवला. चौघांपैकी एकच व्हायोलिनवाला येऊ शकला. तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून वाजवत होता. लग्न नोंदवणाऱ्या बाई, विहीणबाई, शेजारचे घड्याळवाले आणि आम्ही घरचे. बस्स.

हिला डाळिंबी पोशाख घालायचा होता. उठवून घालणं शक्य नव्हतं. मी त्याची पाठ मधोमध कापली, पोशाख वरून तिच्या अंगावर पसरला आणि कडा हलकेच अंगाखाली सारल्या, गळ्याचं बटण लावलं. समोरून बघणाऱ्याला काही कळत नव्हतं. उशांना टेकवून बसवली. खरंच सांगतो, त्या पुस्तकात अशी एक राणी नव्हती.

मग ठकी जिना उतरून आली. माझा हात धरून. घोळ पायऱ्यांवरून मागे लोळत आला, तेवढं चित्रातल्यासारखं झालं. लांबूला दाराशी वाकावं लागलं. बाईंनी विचारलं, दोघं हो म्हणाले, अंगठ्या घातल्या, सह्या केल्या. ठकी आईपाशी येऊन वाकली. हिनं तिच्या खांद्यावरून, दंडावरून हात फिरवला. मग मनगटापाशी थांबली. बारीक डोळे करून बघितलं.

"अहो," म्हणाली.

मला वाटलं, झालं.

"अहो, बाह्या उलट्या लागल्यात."

बघतो तर खरंच. उजवी डावीकडे आणि डावी उजवीकडे. मनगटाची बटणं बाहेरच्या बाजूला यायची ती आतल्या बाजूला आलेली. कोपराचा झोळ पुढे. ज्यानं कालपर्वा मशीनला पहिल्यांदा हात लावला त्यानंही असं केलं नसतं. "एवढं मोठं नाव तुमचं," ही म्हणाली आणि हसायला लागली. तिला दम लागत होता तरी हसत होती. मग ठकी हसायला लागली, मग लांबू, आणि विहीणबाई तर तोंडाला रुमाल लावून. मीही. व्हायोलिनवाला वाजवायचं थांबून आत डोकावून बघायला लागला. किती महिन्यांनी या खोलीत माणसं अशी हसली असतील.

ठकी म्हणाली, "बाबा, फोटोत कळणार का?" ही म्हणाली, "कळू दे."

नंतर केक कापला. हिनं बोटाच्या टोकाएवढा खाल्ला.

३० मार्च

ही गेली. सकाळी, उजाडल्यावर. मी जवळ होतो, ठकी होती. आज यापेक्षा जास्त लिहवत नाही.

२१ एप्रिल

दुकान उघडलं. उन्हाळाभर बंद ठेवायचं नाही, हे तिनं बजावून ठेवलं होतं. काजं कोण करणार, हा प्रश्न आहे. सकाळी एक बाई आल्या, पाच तारखेला कार्यक्रम आहे, तीनला द्या म्हणाल्या. मी दोनला देतो म्हटलं. त्या माझ्याकडे संशयानं बघत गेल्या.

वर एकट्याला जेवण जात नाही. खाली टेबलावरच जेवतो. कधीकधी मोठ्यानं बोलतो, "सुई कुठे ठेवलीस?" आणि मग आठवतं.

१६ मे

ठकी आणि लांबू सकाळीच आले. आज काय आहे, हे कोणी बोललं नाही. लांबू चहा करायला वर गेला. ठकी आईच्या स्टुलावर बसून दोऱ्याची रिळं रंगवार लावायला लागली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, मला एक बोलायचंय. मला झोप लागत नाही. आईनं शपथ घातली होती, पण मी ती मोडायला हवी होती. तुम्हाला आधी कळलं असतं तर तुम्ही तिच्यापाशी जास्त बसला असता. मी तुम्हाला सांगितलंच नाही."

मी मशीनवरून उठलो. तिच्यासमोर उभा राहिलो.

"सांगितलं नाहीस कसं? तू सांगितलंस. आईनं पहिल्या दिवशी सांगितलं, जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. लांबूनं तर परत बदलून आणतो म्हटलं. सगळ्यांनी मला खरी तारीख सांगितली, ठके. मीच म्हटलं, शिंप्याला खरी तारीख कोण सांगतं."

ती माझ्या पोटाला मिठी मारून रडली. लांबू चहाचे कप घेऊन जिन्यात तसाच उभा राहिला.

संध्याकाळी तिघं बाहेर फिरून आलो. ऊन होतं, पण कोवळं. वारा अजिबात नव्हता, झाडांना फुलं आली होती. लग्नाला असा दिवस शोधून मिळत नाही.